हळद आपली, संशोधन कुणाचं?

गेल्या वर्षीच्या संक्रांतीचं हळदीकुंकू. वाण लुटून झालं, तिळगूळ वाटून झाला आणि नेहमीप्रमाणे गप्पा गुडघ्यांवर आल्या. आमच्या वन्सं भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. "जिना उतरताना जीव जातो गं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात आमच्या भिशीतल्याच एका मैत्रिणीने पिशवीतून डबी काढली. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल होत्या. वर हिरवं पान, त्याखाली सोनेरी अक्षरांत 'क्लिनिकली प्रूव्हन' आणि '१०० टक्के नैसर्गिक'. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. घरात पेपरात लिहिणारी, चार बुकं जास्त शिकलेली मी. मी डबी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "घ्या की वन्सं. हळदच तर आहे. हळदीने कधी कुणाचं वाईट झालंय?"

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

आम्ही सांगली भागातली माणसं. हळदीचे सौदे, हरिपूरची पेवं, बाजारात पसरलेला तो वास, हे सगळं लहानपणापासूनचं. जखमेवर हळद, खोकल्यावर हळदीचं दूध, लग्नात हळद. अशा घरात हळदीवर संशय घ्यायचा म्हणजे आईवरच संशय घेतल्यासारखं.

तिसऱ्या महिन्यात वन्संची भूक मेली. मग अंगाला खाज, लघवी गडद पिवळी, आणि एके दिवशी डोळे पिवळे दिसले. कावीळ. शेजारपाजारच्यांनी पाला सुचवला, कुणी गंडा बांधणाऱ्याचा पत्ता दिला. आम्ही मात्र त्यांना थेट डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, तर काविळीचा कोणताच विषाणू नाही. सोनोग्राफीत खडेही नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय काय घेता?" वन्सं म्हणाल्या, "काही नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. हळदीची कॅप्सूल त्यांच्या लेखी औषध नव्हतीच. शेवटी मीच डबीचं सांगितलं. "आणा ती," डॉक्टर म्हणाले. "हिच्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण आजपासून बंद."

बंद केली. दोन-अडीच महिन्यांत रक्तातले आकडे हळूहळू खाली आले. वन्सं बऱ्या झाल्या, देवाची कृपा. पण त्या दिवशी डॉक्टरांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला, ते मला जास्त लागलं. त्यावर हळदीच्या कॅप्सूलविषयीचं संशोधन होतं. फुकट, सगळ्यांना खुलं. शोधायला त्यांना मिनिटभरही लागलं नव्हतं. तोच मोबाइल माझ्याकडेही होता. मी त्यावर रोज सकाळी फुलांची चित्रं आणि 'गुड मॉर्निंग' पाठवत होते.

मैत्रिणींनो, हा सगळा प्रपंच मी मांडते आहे तो हळदीला दोष द्यायला नाही. आपल्या घरात येणाऱ्या या 'नैसर्गिक' डब्यांमागचं खरं संशोधन आपल्यापर्यंत का पोचत नाही, हा माझा प्रश्न आहे. पोचतं ते त्याचं फक्त सोनेरी अक्षरांतलं लेबल.

त्या मोबाइलवर काय होतं ते आधी सांगते. औषधांमुळे लिव्हरला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणारं अमेरिकेतल्या रुग्णालयांचं एक जाळं आहे. त्यांनी २००४ ते २०२२ या काळातले हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित दहा रुग्ण तपासले. दहांपैकी आठ बायका होत्या. पाच जणांना रुग्णालयात भरती व्हावं लागलं आणि एक जण दगावला. सात रुग्णांमध्ये एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली, म्हणजे हा त्रास सरसकट सगळ्यांना होत नाही, काही शरीरांनाच ती गोष्ट सोसत नसावी. ज्या सात डब्यांतला माल तपासला, त्या सगळ्यांत हळदच होती, आणि तिघांत काळी मिरीही.

आता मिरी कुठून आली? तीही गोष्ट आपल्या देशातलीच आहे. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जात नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी मोजक्या निरोगी माणसांना कर्क्युमिनसोबत मिरीतलं पिपेरीन देऊन पाहिलं, तर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. हे १९९८ साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून जगभरच्या कंपन्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात आणि डबीवर ते अभिमानाने लिहितात. पण जे जास्त शोषलं जातं, ते लिव्हरपर्यंतही जास्त जातं, हा विचार डबीवर नसतो.

आणि 'हळदच तर आहे' हे माझं वाक्य? त्याचा हिशेब मी नंतर मांडला. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. चहाच्या चमच्यात तीनेक ग्रॅम हळद मावते, म्हणजे ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन. डबीवर लिहिलं होतं, ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये पाच चमचे हळदीचा ऐवज. दिवसाला दोन, म्हणजे दहा चमचे. आमटीत दहा चमचे हळद कोण घालतं? चिमूटभर घालायची ती आपण. फोडणीतली हळद आणि कॅप्सूलमधला अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीचा हजारो वर्षांचा अनुभव दुसरीच्या नावावर खपवला जातो.

एवढं वाचून घरातल्या डब्या उकिरड्यावर टाकायला निघू नका. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना हळदीचा अर्क, निम्म्यांना आयबुप्रोफेन. चार आठवड्यांत दोघांच्या दुखण्याला जवळजवळ सारखाच आराम पडला, आणि हळदवाल्यांचं पोट कमी दुखलं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ७० जणांवर बारा आठवडे चाचणी झाली, ती २०२० सालची. त्यात निम्म्यांना दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली कॅप्सूल दिली होती. हळदवाल्यांचं दुखणं थोडं जास्त उतरलं, पण एमआरआयमध्ये गुडघ्यातली सूज काही हलली नाही. या चाचणीला पैसे विद्यापीठाने दिले होते आणि ज्या कंपनीचा तो अर्क होता, तिनेही. हे त्या लेखातच स्पष्ट लिहिलेलं आहे.

म्हणजे खरं उत्तर काय? काही जणींच्या गुडघ्याला थोडा आराम पडू शकतो, काही आठवड्यांपुरतं तरी तसं दिसलं आहे, आणि फार थोड्यांच्या लिव्हरला धोका असू शकतो. हे उत्तर 'क्लिनिकली प्रूव्हन' या दोन शब्दांत मावत नाही. पण मराठीतल्या चार ओळींत नक्की मावतं. मला त्या चार ओळी हव्या होत्या. वन्संना हव्या होत्या.

आता ही माहिती कुठे असते ते पाहू. पहिलं ठिकाण आपलंच, सरकारी. भारतात होणाऱ्या चाचण्यांची नोंदवही, इंग्रजीत तिला 'सीटीआरआय' म्हणतात. आयसीएमआरने ती २००७ साली सुरू केली. औषधांच्या चाचण्यांची नोंद २००९ पासून सक्तीची झाली, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्याही तिथे सापडतात. किती माणसं घेणार, काय मोजणार, कुठल्या गावात, पैसे कोणाचे, सगळं तिथे दिसतं.

आधी नोंद कशाला, असं वाटेल. आपल्या स्वयंपाकघरातलंच बघा. वड्यांचा पाक दहा वेळा बिघडला आणि अकराव्यांदा जमला, तर पाहुण्यांपुढे आपण अकरावंच ताट ठेवतो. बिघडलेल्या दहांचं कुणाला सांगत नाही. वड्यांच्या बाबतीत ते चालतं, औषधाच्या बाबतीत चालत नाही. आधी नोंद झालेली असली, की बिघडलेली ताटं लपवणं अवघड होतं. मात्र एक लक्षात ठेवायचं. नोंद म्हणजे निकाल नव्हे आणि सरकारची शाबासकीही नव्हे. कंपनीने नुसता नोंदणी क्रमांक दाखवला, तर 'निकाल काय लागला?' हा पुढचा प्रश्न आपण विचारायचाच.

दुसरं ठिकाण 'पबमेड'. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९७ साली ते सर्वांना फुकट खुलं केलं. जगभरच्या वैद्यकीय लेखांचा गोषवारा तिथे मिळतो. तिसरं 'लिव्हरटॉक्स'. कुठल्या औषधाने, कुठल्या वनस्पतीने लिव्हरला काय होऊ शकतं, एवढ्याच विषयाला वाहिलेलं. हळद आहे, अश्वगंधा आहे, ग्रीन टीचा अर्कही आहे. आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी हेच उघडलं होतं.

पण घोडं अडतं ते भाषेपाशी. हे सगळं इंग्रजीत, तेही डॉक्टरी इंग्रजीत. माझ्यासारखी पदवीधर बाईसुद्धा पहिल्या परिच्छेदात दमली. मोबाइलवरचं भाषांतर आता बरंच सुधारलंय, लेखाचा मजकूर टाकला की मराठी येतं, मोठ्याने वाचूनही दाखवतं. वन्संना मी तसंच ऐकवलं. पण त्यात चुका होतात, आणि औषधाच्या मात्रेत चूक झाली तर काय, ही धाकधूक राहतेच. हल्ली मुलं म्हणतात, 'आई, एआयला विचार.' विचारलं. उत्तर झकास, मराठीही गोड. पण ही यंत्रं कधी कधी अस्तित्वातच नसलेला अभ्यास नाव-गाव-सालासकट ठोकून देतात. म्हणून त्याने सांगितलेला लेख पबमेडवर खरंच आहे का, हे तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

हळदीच्या बाबतीत तर भाषेची गंमत फारच कडू आहे. हळदीने जखम भरते, या गोष्टीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरने ते आव्हान दिलं, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख होते. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेखही पुरावा म्हणून पुढे ठेवला, आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. आपल्या सगळ्यांची छाती अभिमानाने फुगली. असं पुन्हा होऊ नये म्हणून २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल खजिना उभारायला घेतला. संस्कृत, हिंदी, तमिळ, उर्दू, अरबी ग्रंथांतले लाखो योग त्यात गेले. कुठल्या भाषांत? इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी. परदेशी पेटंट कचेऱ्यांना वाचता यावं म्हणून, आणि ते योग्यच होतं. पण मला सांगा, आपल्या हळदीविषयीचं ज्ञान टोकियोतल्या साहेबाला त्याच्या भाषेत द्यायचं आपल्याला सुचलं, आणि तासगावातल्या बाईला तिच्या भाषेत द्यायचं राहून गेलं, हे कसं?

जे करायचं ठरवलं, ते आपल्या देशाला जमतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली झाली, जानेवारी २०२५ पासून. म्हणजे तालुक्याच्या सरकारी कॉलेजातली तुमची लेक किंवा सून आज जे संशोधन वाचू शकते, ते पूर्वी मोठ्या शहरांतल्या संस्थांनाच परवडायचं. तिला जरूर सांगा, "बाळा, माझ्या गोळीवरचा लेख शोधून दे." पण ज्यांच्या घरी अशी लेक नाही, त्यांचं काय?

म्हणून माझी मागणी साधी आहे. डबीवर 'क्लिनिकली प्रूव्हन' छापायचं असेल, तर शेजारी एक क्यूआर कोड सक्तीचा करा. पैसे देताना आपण भाजीवाल्याकडे रोज तो स्कॅन करतोच. तो स्कॅन केला की मराठीत पाच ओळी दिसाव्यात. चाचणी किती माणसांवर झाली, किती दिवस, कशाशी तुलना केली, पैसे कोणी दिले, त्रास कोणाला झाला. खाली नोंदणी क्रमांक. आणि या पाच ओळी कंपनीने नाही, सरकारी संस्थेने तपासलेल्या असाव्यात. सीटीआरआयच्या नोंदींना मराठी आणि इतर भारतीय भाषांत गोषवारा जोडणं आजच्या तंत्रज्ञानात अवघड नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी आशाताईंच्या मोबाइलवर तेच उपलब्ध करून द्या.

यावर कुणी म्हणेल, आयुर्वेदाला कशाला चाचण्या लावता? शास्त्रोक्त औषधांना ग्रंथाचा आधार मानण्याची कायद्यात सोय आहेच, आणि वैद्यांनी नाडी पाहून दिलेल्या काढ्याबद्दल मी बोलतच नाही. मी बोलते आहे ती, जी डबी स्वतःच चाचणीचा हवाला देते, तिच्याबद्दल. तुम्ही पुरावा आहे म्हणता ना, मग दाखवा.

आणखी एक गोष्ट. आमच्या डबीच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, 'औषधी वापरासाठी नाही'. पूरक आहार म्हणून विकायच्या गोळ्यांवर हे छापणं २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. पुढे 'क्लिनिकली प्रूव्हन', मागे 'औषध नाही'. मी डबी उलटसुलट केली होती, पण वाचली नव्हती.

आता त्या भिशीतल्या मैत्रिणीबद्दल. वन्संची कावीळ कळली तेव्हा ती धावत आली, रडली. तिने काही फसवलं नव्हतं. तेच कॅप्सूल ती स्वतःच्या आईला देत होती. नवऱ्याचं काम सुटल्यावर या डब्यांवर तिने मुलांच्या फिया भरल्या होत्या. कंपनीच्या मीटिंगमध्ये जे सांगितलं, तेच ती आम्हाला सांगत होती. आपल्या गावोगावी ही विक्री बायकांच्याच खांद्यावर चालते, आणि त्यांनाच सगळ्यात कमी माहिती दिली जाते. तिने कंपनीला पत्र टाकून चाचणीचा नोंदणी क्रमांक मागितला. अजून उत्तर नाही. तोवर तिने त्या डब्या विकणं थांबवलंय. तिचं उत्पन्न बुडालं ते खरंच बुडालं. माहिती दडवण्याची किंमत घेणारीलाही मोजावी लागते आणि विकणारीलाही.

यंदाच्या संक्रांतीला मी वाण म्हणून एक छोटं कार्ड लुटलं. पाच प्रश्न छापलेलं, डब्यांच्या कपाटाला आतून चिकटवायला.

एक : ही डबी औषध म्हणून परवाना घेतलेली आहे की पूरक आहार म्हणून?

दोन : चाचणी कशावर झाली? याच कॅप्सूलवर, की नुसत्या हळदीवर, उंदरांवर, काचेच्या बशीत?

तीन : किती माणसांवर, किती दिवस, आणि तुलना कशाशी?

चार : पैसे कोणी दिले? कंपनीने दिले म्हणजे खोटंच असतं असं नाही, पण ठाऊक असावं.

पाच : मी आधीच काय घेते? रक्त पातळ करणाऱ्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील, पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

कार्डाच्या मागच्या बाजूला एक नंबर आहे, १८००-१८०-३०२४. औषधांचा दुष्परिणाम झाला तर कळवायची ही सरकारी, मोफत हेल्पलाइन आहे. वनस्पतीच्या औषधांचंही तिथे सांगता येतं. आपण कळवलं नाही, तर आपल्या बायकांचे त्रास कुठल्याच नोंदीत येणार नाहीत. अमेरिकेतल्या त्या दहा जणांची गोष्ट आपल्याला कळली, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली. वन्संची आम्ही नोंदवली.

वन्संचे गुडघे अजून दुखतात. फिजिओथेरपीचे व्यायाम करतात, वजन थोडं उतरवलंय, जिन्याला कठडा बसवून घेतलाय. कार्ड हातात घेऊन त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "वहिनी, हे मागच्या वर्षी का नाही वाटलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या घरी कुणी हा प्रश्न विचारायच्या आत, तुमचं कपाट एकदा उघडून बघा.